वाडीची राखण

(खामगावच्या मेळाव्यात वाडीवाल्या बायांच्या वतीने झालेले भाषण. बोलले तसेच लिहून काढले आहे. मध्ये आलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यातच घेतली आहेत.)



सकाळपासून दाव्यांचं बोलणं चाललं आहे. नमुना अ, नमुना ब, पुरावे, ठराव. आता जेवणाच्या आधी आमच्या वाट्याला हरणं आली आहेत. हसा, पण ज्याच्या वाफ्यात रात्री कळप उतरतो त्याला सकाळी हसू येत नाही. आणि हरणाचं बोलणं अन् दाव्याचं बोलणं वेगळं नाही, हे पुढे येईलच.

आमचा पाडा ज्ञानगंगा अभयारण्याच्या काठावर आहे. हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. खामगावहून बोथ्यावरून बुलढाण्याला जाणारा रस्ता त्याच्यातूनच जातो, तुम्ही बरेच जण त्या रस्त्यानं आला असाल. आम्ही अठरा घरं. नाल्याच्या वाकणात दीड एकराची वाडी आहे, ती अठरा घरांची मिळून. सामाईक काहून ठेवली असं पुष्कळ जण विचारतात. उत्तर सोपं आहे: पाणी एकाच ठिकाणी आहे. नाल्यातला तो झिरा आमच्या सासवांच्या सासवांनी खोदला. उन्हाळ्यातही तिथं घागर बुडते. झिरा एक, तर वाडी एक. वाटे पाडले असते तर ज्याच्या वाट्याला झिरा आला तो पाटील झाला असता.

वाडीत चवळी, वाल, वांगी, भेंडी, मिरची, दोडके, हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार. लेकरांच्या ताटात हिरवं पडतं ते या वाडीतून. उरेल ते खामगावच्या बाजारात येतं, आणि त्याच्या पैशातून तेलमीठ होतं. मागच्या मार्गशीर्षात एका रात्रीत चवळीचे सहा वाफे गेले. चवळी फुलावर होती. सकाळी पाहिलं तर नुसते दांडे. महिन्याचं तेल त्या रात्री गेलं.

आता पहिली गोष्ट. ‘जनावरानं खाल्लं’ असं म्हणून भागत नाही. कोणत्या जनावरानं ते पाहा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते पाला कापत नाही, ओढून तोडतं. दांड्याचं टोक फाटलेलं, चिंध्या झाल्यासारखं दिसतं. ससा तिरपं, सुरीनं कापल्यासारखं कापतो. डुकरानं वाफा नांगरल्यासारखा उलथलेला असतो. रोह्याची खूण म्हणजे लेंड्यांचा ढीग. तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन टाकतो, म्हणून त्याची वाट सापडते. आणि रोही हे हरीण नाहीच, तो गाई-म्हशीच्या गोतातला. अंगानं मोठा, हरीण जिथून वळतं तिथून तो रेटत घुसतो. काळवीट खाली काळ्या मातीच्या उघड्या रानात, दिवसाढवळ्याही चरतं. चितळ आमच्यासारख्या जंगलाच्या काठावर, तिन्हीसांजेला निघतं आणि उजाडायच्या आत परततं. सांबर क्वचित. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबरानं सांबार खाल्ला म्हणून एका म्हातारीनं तक्रार सांगितली, तेव्हा लिहून घेणाऱ्या पोरानं दोनदा खोडलं.)

दुसरी गोष्ट कुपाटीची. तारेचं कुंपण करा असं सांगणारे येतात, तारेचे पैसे घेऊन कोणी येत नाही. आम्ही काट्याचीच कुपाटी करतो, पण थोडी विचार करून. नाल्याकाठी वेडी बाभूळ माजलेली आहे, तीच तोडायची. ती तोडली की नाला मोकळा होतो आणि काटा मिळतो. बोर, हिवर, खैर उभा तोडायचा नाही. फार तर बोरीच्या फांद्या छाटायच्या. खुंटांसाठी वाळकं लाकूड न रोवता सलई आणि पांगाऱ्याचे ओले दांडे रोवायचे, पावसाच्या तोंडाला. त्यातले पुष्कळ फुटतात. वाळक्या खुंटाला दोन वर्षांत वाळवी लागते, जिवंत खुंट दरसाल जाड होतो. मधल्या फटीत शेर, चंद्रज्योत आणि सागरगोटा. शेराचा आणि चंद्रज्योतीचा पाला जनावर खात नाही. शेराचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, लेकरांना लावायला सांगू नका. चंद्रज्योतीच्या बिया लेकरं खातात आणि ओकून बेजार होतात, हेही घरोघर सांगून ठेवा.

उंची किती ठेवायची? पुरुषभर कुपाटी चितळ ओलांडू शकतं. पण आमच्या पाहण्यात असं आलं की पलीकडे कुठं पाय पडेल हे दिसत नसेल तर ते सहसा उडी टाकत नाही. म्हणून उंचीपेक्षा आड महत्त्वाची. जुन्या साड्या बांधतात ते याच्यासाठीच. रंगाला भिऊन हरीण पळतं असं लोक म्हणतात, पण आमच्या मते आत काय आहे ते दिसत नाही हा साडीचा खरा गुण. वाऱ्यानं हलते तो वरचा फायदा. आणि जिथं जागा आहे तिथं एकच उंच कुपाटी न करता दोन बुटक्या करा, मधे तीन-चार हात जागा सोडून. पहिली ओलांडून उतरायला आणि दुसरीवर उडी घ्यायला त्या पट्ट्यात जागा पुरत नाही. पट्टा रिकामा ठेवायचा नाही. आम्ही त्यात पावसाळ्यात अंबाडी आणि हळद, हिवाळ्यात करडई लावतो. करडईचा काटा भरला की गुरंसुद्धा तोंड घालत नाहीत. जुने कास्तकार ज्वारीच्या धुऱ्यावर करडईच्या ओळी याच कामाला पेरत. ती चाल गेली. तेल मिळायचं ते गेलं आणि राखणही गेली.

कुपाटीच्या बुडाकडे मात्र लक्ष द्या. सगळे वर पाहतात. हरीण पुष्कळदा वरून येत नाही, खालच्या भोकातून मान घालून अंग ओढून घेतं. जिथून पाणी वाहतं, जिथून लेकरं आणि शेळ्या जातात, तिथंच भोक पडतं. दर अमावस्येला आमच्याकडे चौघीजणी पूर्ण फेरी मारतात आणि बुडात दगड लावतात.

बुजगावणं, डबे, कॅसेटची फीत, न्हाव्याकडचे केस, सडक्या अंड्याचं पाणी, फटाके. हे सगळं थोडे दिवस चालतं. हरीण नव्या गोष्टीला भितं, जुन्या गोष्टीला नाही. म्हणून बुजगावणं दर चार दिवसांनी हलवलं तर कामाचं, नाहीतर पाखरं त्याच्या डोक्यावर बसतात. फटाक्यांवर पैसा घालू नका, पाला वाळला की वणव्याची भीती, आणि वणवा लागला की नाव आपलंच येतं.

यात कशानंही जागल टळत नाही, हे आम्ही सरळ सांगतो. कुपाटी म्हणजे दार, पण दाराशी माणूस लागतो. अठरा घरं, रात्रीला दोन घरं, म्हणजे नवव्या रात्री पाळी येते. एकट्यादुकट्याचं वावर असतं तर माणूस रोज जागला असता आणि दिवसा मजुरीला गेला असता तर कामावर पेंगला असता. सामाईक वाडीचा मोठा फायदा हा आहे, भाजीपेक्षाही मोठा: आठ रात्री झोप मिळते. माळा जमिनीपासून उंच बांधायचा. बिबट्याचा आणि अस्वलाचा मुलूख आहे. जमिनीवर कोणी झोपायचं नाही, एकट्यानं खाली उतरायचं नाही, लेकरू सोबत न्यायचं नाही. विस्तव खालच्या घमेल्यात झाकून ठेवायचा. कळप आला की आरोळी आणि टिन, दगड मारायचा नाही. घाबरलेलं हरीण वाट चुकून कुपाटीत अडकतं आणि सगळी वाडी तुडवतं.

इथं एका बहिणीनं विचारलं की एकट्या बाईची पाळी कशी. आमच्याकडे तीन घरं तशी आहेत. त्यांची पाळी दिवसाची, म्हणजे माकडं आणि शेळ्या राखायची. तेही काम हलकं नाही. दुसरा प्रश्न, दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्यांचा. त्यावर आमच्यात दोन वर्षं भांडण चाललं, ते खोटं कशाला सांगायचं. आता ठरलं आहे: जाणाऱ्या घरानं जाण्याआधी काट्याच्या दहा मोळ्या कुपाटीला द्यायच्या, परत आल्यावर उन्हाळ्याच्या जागली जास्तीच्या करायच्या. तेव्हा त्याचा वाटा पूर्ण. मोळ्या दिल्या नाहीत तर अर्धा. कागदावर लिहून माळ्याच्या खांबाला अडकवलं आहे, म्हणजे तोंडी वाद नको.

आता करंटाचं. हे जरा कान देऊन ऐका.

खांबावरून आकडा टाकून तार वाडीभोवती फिरवायची आणि रात्री चालू करायची, हा उपाय खालच्या गावांतून वर आला आहे. आमच्या पाड्यातही पोरांनी काढला होता विषय. दोनशे रुपयांची तार, एका रात्रीत काम, जागल बंद. तिघी म्हाताऱ्या आडव्या पडल्या म्हणून झालं नाही. त्या तारेला हरीण, गाय आणि माणूस ओळखू येत नाही. पहाटे परसाकडे जाणारी बाई, पाणी बंद करायला निघालेला सालदार, चुकलेल्या वासरामागं गेलेलं पोर, तारेवर माणसं मेली आहेत आणि ती तुमच्याआमच्या घरचीच होती. झटका मशीन ही वेगळी वस्तू. ती बॅटरीवर चालते, क्षणभर झटका देते आणि थांबते, त्या थांबण्यात जनावर मागे सरतं. घरातली लाईन थांबत नाही, ती धरून ठेवते. दोन्हींना लोक ‘करंट’च म्हणतात म्हणून घोटाळा होतो. मशीन घ्यायची असेल तर चांगली तयार मशीन घ्या, कोणाकडून जोडून घेऊ नका. आकडा मात्र नाही. माणूस मेला तर मनुष्यवधाचा गुन्हा, जनावर मेलं तर वन्यजीव कायद्याचा, वीजचोरीचा तिसरा. आणि ज्या जमिनीचा दावा ग्रामसभेत पडून आहे, त्या जमिनीवर मेलेलं काळवीट सापडलं तर पुढं काय बोललं जाईल ते सांगायला नको. एका तारेनं अठरा घरांचा दावा बदनाम होतो.

मारण्याबद्दल कायदा काय म्हणतो तेही समजून घ्या, कारण बाजारात काहीही ऐकू येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं. रोही, रानडुक्कर उभ्या पिकाला धोकादायक झाले तर कलम ११ खाली अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी. ‘साहेब तोंडी हो म्हणाले’ याला कोर्टात अर्थ नाही. वनहक्क कायद्यानंही परंपरेचे बाकी हक्क मानले, शिकारीचा मानला नाही.

इथं आपले पारधी भाऊ बसले आहेत, त्यांच्यापुढं हे बोलताना जीभ जड होते. हरणाची चाल त्यांच्याइतकी कोणाला कळते? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ ला गेला, पण चौकीतली नजर गेली नाही. रानात एक हरीण मेलं की पहिली झडती पारध्याच्या पालावर. मात्र आमची कुपाटी कुठं बंद करायची आणि कुठं हरणाला जायला वाट सोडायची, हे आम्हाला एका पारधी आजोबांनीच दाखवलं. पूर्वी जिथं ते फासा लावत, तिथंच कळपाची वाट असते. ते म्हणाले, वाट अडवू नका, वळवा. वाडीच्या वरच्या अंगानं नाल्यापर्यंत आम्ही पट्टा मोकळा सोडला. पाण्यासाठी येणारी जनावरं आता तिथून उतरतात. फाल्गुनानंतर जंगलातलं पाणी आटतं, तेव्हा हरीण नुसतं पाल्यासाठी येत नाही, पाण्यासाठी येतं. त्याला पाणी वाडीच्या बाहेर मिळालं तर निम्मं काम झालं. ग्रामसभेनं पाणवठ्याचा ठराव करून द्यावा, आणि उघड्या विहिरींना कठडे मागावेत.

आता नुकसानभरपाई. पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वनकर्मचाऱ्याकडे लेखी अर्ज द्यायचा, मग पंचनामा होतो. खुरांचे ठसे, लेंड्या, फाटलेले दांडे पंचनामा होईपर्यंत तसेच ठेवा, लगेच वाफा साफ करू नका. हा झाला सातबारावाल्यांचा रस्ता. आपली गाठ पुढे आहे. वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या पिकाला भरपाई नाही, असं भरपाईच्या नियमातच लिहिलं आहे. म्हणजे धुऱ्याच्या अलीकडं हरणानं खाल्लं तर नुकसान, पलीकडं खाल्लं तर नुकसान नाही. हरीण तेच, चवळी तीच. फरक फक्त कागदाचा. म्हणून आम्ही सुरुवातीलाच म्हटलं की हरणाचं बोलणं दाव्यातच येतं. हक्क मान्य झाला की ते पीक अतिक्रमणातलं राहत नाही.

सामाईक वाडीचा दावा करता येतो का, हा प्रश्न तीन गावांनी विचारला. येतो. वनहक्क कायद्याचं कलम ३ (१) (क) पाहा. इंग्रजीत ते ‘ए’ आहे. तिथं वैयक्तिक किंवा सामाईक ताब्याची जमीन असे दोन्ही शब्द आहेत. ‘सामाईक’ शब्दावर बोट ठेवून दाखवा. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा हवा. आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, कलम ४ (५). हे दोन आकडे पाठ करून ठेवा.

पुरावा? जुन्या दंडाच्या पावत्या ज्यांनी जपल्या त्या सोन्याच्या. आमच्याकडे दोनच निघाल्या, बाकी उंदरांनी खाल्ल्या. पण नियम १३ मध्ये जमिनीवर दिसणाऱ्या कामालाही पुरावा मानलं आहे: घर, बांध, सपाटीकरण, अशी कायमची कामं. म्हाताऱ्यांचं लेखी सांगणंही चालतं. तर आमच्या वाडीची उत्तर बाजू पाहा. तिथला शेर मांडीएवढा जाड झाला आहे, त्याच्यात निवडुंग गुंतलेला. तो कोणी, कोणत्या दुष्काळाच्या साली लावला ते सांगणारी आजी जिवंत आहे. तिचं म्हणणं लिहून अंगठा घेतला. स्थळपाहणीला वनहक्क समिती आली तेव्हा आम्ही त्यांना वाफ्यांकडे नेलं नाही, आधी कुपाटीकडे नेलं. नकाशात ती जुनी कुपाटी, झिरा आणि माळ्याची जागा मांडून घेतली. तुमच्या गावात जुनी कुपाटी असेल तर तार ओढायच्या नादात ती उपटू नका. कडेनं नवी करा.

आमच्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. तोवर जागल दोन्हीकडे चालू आहे, वाडीत आणि कचेरीत.

आणखी एक, मग बसतो. हरीण वाडीत येतं कारण जंगलात त्याचं गवत राहिलं नाही. घाणेरीनं जमीन झाकली, तिच्याखाली गवत उगवत नाही. ती काढायची म्हटलं तर ‘हात लावायचा नाही’. १९३० साली बापूजी अण्यांनी पुसदला गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगात गेले, ती सगळी लढाई गवताच्या पेंढीची होती. आज सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव ते काम हक्कानं करू शकतं. कलम ५ खाली वन आणि वन्यप्राणी राखण्याचा अधिकार ग्रामसभेलाच दिला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये तो हक्क मिळवला. अभयारण्यात हे जास्त अवघड आहे, पण कायद्यानं अभयारण्य वगळलेलं नाही. नमुना ब भरताना नुसतं मोह, तेंदू, चारोळी लिहू नका. गवत लिहा, पाणवठा लिहा, घाणेरी काढणं लिहा. हरणाचं पोट जंगलात भरलं तर आमची जागल हलकी होईल.

मागे भिंतीशी सागरगोट्याच्या बियांचं पोतं ठेवलं आहे. प्रत्येक गावानं दोन ओंजळी घ्या. बी फार टणक असतं, तसंच पुरलं तर वर्षभर निघत नाही. एका बाजूनं खडबडीत दगडावर घासा, आतला पांढरा दिसेपर्यंत, रात्रभर पाण्यात ठेवा आणि मृगाच्या आधी हातभर अंतरावर लावा. पहिलं वर्ष शेळ्यांपासून राखा, काटा कोवळा असतो. ज्यांना शेराच्या कांड्या पाहिजेत त्यांनी आमच्या पाड्यावर यावं, कोयता आणि जुनं फडकं घेऊन यावं. जिंदाबाद.